मूल शाळेत रमलं तर निकाल सुधारतो का? रायगडच्या किनाऱ्यावरून समजून घेऊया

दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग पहिला, ही आता बातमी राहिलेली नाही. मार्च २०२४ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला आणि कोकण विभागाचा ९९.०१ टक्के. मग ‘कोकणातली पोरं हुशारच’ असे मेसेज फिरतात आणि त्यात अलिबाग-मुरूडचे समुद्राचे फोटो असतात. पण बोर्डाच्या हिशेबात ‘कोकण’ म्हणजे फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हे तालुके ज्या रायगड जिल्ह्यात येतात, तो जिल्हा मुंबई विभागात मोजला जातो. त्या विभागाचा २०२४ चा निकाल होता ९५.८३ टक्के.

याहून महत्त्वाची गोष्ट आकड्याच्या आतली आहे. ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांची असते. चौथी-पाचवीत आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेलं मूल, आठवीनंतर बोटीवर खलाशी म्हणून जायला लागलेला मुलगा, गाडी बंद झाली म्हणून नववीत घरी बसलेली मुलगी, यांच्यापैकी कोणीच या टक्क्यांत नसतं. नापास व्हायलासुद्धा आधी दहावीपर्यंत पोहोचावं लागतं.

म्हणून ‘शाळेत यश कशामुळे मिळतं?’ हा प्रश्न किनाऱ्यावरच्या गावांत जरा वेगळा विचारावा लागतो. मूल शाळेत टिकतं कशामुळे, आणि टिकलेलं मूल शिकतं कशामुळे? जगभरच्या अभ्यासांतून याचं जे उत्तर येतं, त्यात हुशारी आणि क्लासेस यांच्या बरोबरीनं दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. एक म्हणजे मुलाचं स्वास्थ्य, म्हणजे शरीराचं आणि मनाचं बरं असणं. दुसरी म्हणजे शाळेकडून मिळणारा आधार.

‘रमणं’ म्हणजे नक्की काय?

इंग्रजीत ज्याला ‘वेलबीइंग’ म्हणतात, त्यासाठी मराठीत एकच शब्द सापडत नाही. पण आई शाळेतून आलेल्या मुलाला ‘रमलास का रे?’ असं विचारते, तेव्हा ती बरंचसं तेच विचारत असते. पोटात काही होतं का, कोणी मारलं-चिडवलं का, वर्गात आपलं कोणी आहे असं वाटतं का, अडलं तर सरांना-बाईंना विचारायचा धीर होतो का. यातलं एक जरी बिघडलं तरी मूल शरीरानं वर्गात असतं आणि मनानं नसतं.

हे केवळ सदिच्छेचं बोलणं नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून देशात लागू आहे. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घालतं. कलम २९ अभ्यासक्रमाबद्दल आहे. मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवणं आणि त्याला मोकळेपणानं बोलता येणं, हे त्यात मूल्यमापनाच्या बरोबरीनं लिहिलेलं आहे. म्हणजे मुलाचं मन हा शाळेच्या कामाचाच भाग आहे. ‘आम्ही शिकवायचं की लाड करायचे?’ हा प्रश्न कायद्यानं कधीच निकालात काढला आहे, स्टाफरूममध्ये तो अजून निघत असला तरी.

पुरावा काय सांगतो?

इथे एक शंका रास्त आहे. आनंदी मुलांना मार्क चांगले पडतात, की मार्क चांगले पडतात म्हणून मुलं आनंदी असतात? दोन्ही खरं असू शकतं. त्यामुळे नुसती पाहणी पुरत नाही. काही शाळांत आधार द्यायचा, काहींत नाही, आणि मग तुलना करायची, असे अभ्यास पाहावे लागतात.

यातला सर्वांत जास्त उल्लेख होणारा अभ्यास २०११ सालचा आहे. जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी भावना ओळखणं, राग आवरणं, मैत्री टिकवणं अशी कौशल्यं शाळेत शिकवणाऱ्या २१३ कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले. मुलांची एकूण संख्या होती २ लाख ७० हजारांच्या वर. या मुलांचं वागणं तर सुधारलंच, पण अभ्यासातही सरासरी ११ पर्सेंटाइलची वाढ दिसली. म्हणजे मार्कांप्रमाणे १०० मुलांची रांग लावली, तर मधोमध उभं असलेलं मूल ११ मुलांना मागे टाकून पुढे गेलं. गणिताचा एकही जादा तास न घेता.

शिकागोत अँथनी ब्राइक यांच्या गटानं शेकडो प्राथमिक शाळा अनेक वर्षं पाहिल्या आणि काही शाळा सुधारतात नि काही तिथेच का राहतात ते शोधलं. मुख्याध्यापकांचं नेतृत्व, पालकांशी नातं, शिक्षकांची एकजूट, मुलांना सुरक्षित वाटेल असं वातावरण आणि शिकवण्याची नीट आखणी, या पाचांपैकी बहुतेक बाबतींत भक्कम असलेल्या शाळा सुधारण्याची शक्यता कमकुवत शाळांच्या किमान दहापट होती. एखादीच गोष्ट करून फारसं हलत नाही, हा त्यातला कमी सांगितला जाणारा भाग.

आणि भारतातलं काय? सर्वांत साधं उदाहरण खिचडीचं आहे. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश दिला. राज्यांनी तो वेगवेगळ्या वर्षी लागू केला, त्यामुळे तुलना करणं शक्य झालं. तनिका चक्रवर्ती आणि राजी जयरामन यांच्या २०१९ च्या अभ्यासात, ज्या मुलांना पाच वर्षांपर्यंत हे जेवण मिळालं त्यांचे वाचनाचे गुण, एक वर्षाहून कमी काळ मिळालेल्या मुलांपेक्षा १८ टक्के जास्त होते. गणितातही ९ टक्के. खिचडीला नावं ठेवणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. आता तिचं सरकारी नाव ‘पीएम पोषण’ आहे, पण गावात अजून खिचडीच.

समुद्राचं कॅलेंडर आणि शाळेचं कॅलेंडर

रायगडच्या किनाऱ्यावर आधाराचा प्रश्न कुठे येतो हे समजायला दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून पाहावीत.

पहिलं कोळीवाड्याचं. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीचा काळ, शिवाय खवळलेला समुद्र. बोटी शाकारून ठेवलेल्या, जाळी विणण्याचं काम चालू, आणि रोजची विक्री बंद. घर चालतं ते सुकवून ठेवलेल्या बोंबील-जवळ्यावर, साठवलेल्या पैशावर आणि उधारीवर. शाळा सुरू होते जूनच्या मध्यावर. म्हणजे वह्या, दप्तर, छत्री, प्रवेश, पास असा वर्षातला सर्वांत मोठा शैक्षणिक खर्च नेमका त्या आठ आठवड्यांत येतो, जेव्हा घरात मासळीचा एक रुपया येत नाही. पहिली ते आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तकं मोफत असतात. नववीपासून ती विकत घ्यावी लागतात. अकरावीला तर प्रवेशापासूनच पैसे मोजावे लागतात. आणि ऑगस्टमध्ये बोटी सुटतात तेव्हा तांडेलाला हात हवेच असतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला बोटीवर जाण्याचं आमंत्रण आणि शाळेतून दूर होण्याचं कारण एकाच मोसमात मिळतं.

दुसरं कॅलेंडर कातकरी वाडीचं. कातकरी ही केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित मानलेल्या आदिवासी गटांपैकी एक जमात, आणि रायगड हा तिचा मुख्य जिल्ह्यांपैकी एक. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. मालकाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल अंगावर असते, ती फेडायला पूर्ण कुटुंब लागतं. परत येतात ती आगोटीला, पाऊस तोंडावर आल्यावर. आता शाळेचं वर्ष आठवा. पहिलं सत्र जून ते दिवाळी, दुसरं दिवाळीनंतर. या घरातलं मूल वर्षानुवर्षं पहिलं सत्रच शिकतं. भागाकार, अपूर्णांक, मोठे उतारे, जे काही दुसऱ्या सत्रात असतं ते त्याच्या वाट्याला येत नाही. मग सहावीत त्याला ‘कच्चा’ म्हणतात आणि त्यालाही ते पटायला लागतं. शाळा सुटण्याची सुरुवात इथे होते, दाखला नंतर निघतो.

यावर मराठी मुलखात पूर्वी उपाय झालेले आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला, आजच्या पालघर जिल्ह्यात, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटलं. वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेनं १९९० च्या दशकात ‘भोंगाशाळा’ चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांची तात्पुरती झोपडी. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहं आहेत, म्हणजे मूल गावीच राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय सरकार करतं. स्थलांतरित मुलासाठी शिक्षण हमी कार्डही आहे. ते दाखवलं की दुसऱ्या गावच्या शाळेनं दाखल्याची वाट न पाहता मुलाला बसवून घ्यायचं. कागदावर व्यवस्था बरी आहे. पण भट्टीवर ते कार्ड घेऊन शाळेपर्यंत चालत जाणार कोण, हा प्रश्न आईबाप पहाटेपासून विटा पाडत असताना सुटत नाही. तिथे कोणीतरी मुलाला घ्यायला यावं लागतं.

आदिवासी, दलित आणि भटक्या जमातींतल्या दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना पहिली ते चौथीत शाळेत आल्याबद्दल रोज १ रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना राज्यात १९९२ मध्ये सुरू झाली. तेव्हा त्या रुपयाला काही किंमत होती. पुढची कित्येक वर्षं रुपया तेवढाच राहिला.

एसटी चुकली की तास चुकतो

या किनाऱ्याचा नकाशा सरळ नाही. खाड्या आत घुसलेल्या, मध्ये डोंगर. राजपुरीहून समोर दिघी दिसते, पण रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा आहे. म्हणून तर लाँच आणि जंगलजेट्टी. कायद्याप्रमाणे राज्यात पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. नववीसाठी असं काही बंधन नाही. त्यामुळे गावातली शाळा संपली की बहुतेक मुलांचं शिक्षण एसटीच्या वेळापत्रकावर चालतं.

ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, आणि या एका गोष्टीनं जेवढ्या मुली टिकल्या तेवढ्या भाषणांनी नसतील. बिहारमध्ये नववीतल्या मुलींना सायकली देण्याच्या योजनेचा कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतलं मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. प्रवासाची सोय हा मानसिक स्वास्थ्याचा भाग वाटत नाही, पण रोज अंधार पडताना घाटातून चालत येणाऱ्या मुलीला आणि तिच्या आईला विचारलं तर तो पहिला भाग निघतो.

उलटा पुरावाही आपल्याकडे आहे. कोरोनानंतर ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. दीड वर्ष घरी बसलेल्या मुलांसमोर शाळा उघडी होती आणि गाडी नव्हती.

‘शाला’, ‘गारी’ आणि लाल शाई

आधाराचा आणखी एक प्रकार असा आहे की त्याला पैसे लागत नाहीत. किनाऱ्यावरच्या आगरी आणि कोळी बोलींत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ आणि ‘ड’चा पुष्कळदा ‘र’. शाळेची ‘शाला’, पाण्याचं ‘पानी’, गाडीची ‘गारी’. कातकरी बोली तर प्रमाण मराठीपासून आणखी दूर आहे. दुसरीतलं मूल जसं बोलतं तसं लिहितं आणि वहीवर लाल गोल पडतो. वर्गात कोणी हसलं तर ते मूल हात वर करणं बंद करतं.

कोकणातल्या जिल्हा परिषद शाळांत घाटावरून आलेले गुरुजी पुष्कळ. सातारा, सोलापूर, बीड, नगर. त्यातले अनेक जण जीव ओतून शिकवतात. पण मुलाची बोली त्यांना कळायला वर्ष-दोन वर्षं जातात, आणि तोवर आंतरजिल्हा बदलीचा अर्ज मंजूर झालेला असतो. गाव पुन्हा नव्या गुरुजींची वाट पाहतं. बोली म्हणजे चूक नव्हे, ती प्रमाणभाषेकडे जाण्याची पहिली पायरी आहे, एवढं जरी बदलीवर येणाऱ्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यात सांगितलं गेलं, बोलीतल्या शंभर-दोनशे शब्दांची यादी हातात दिली, तरी पहिलीच्या वर्गातलं मौन कमी होईल.

वार, छात्रालय आणि आश्रमशाळा

शिकणाऱ्या मुलाला समाजानं आधार द्यायचा, ही कल्पना बाहेरून आलेली नाही. पूर्वी गरीब ब्राह्मण विद्यार्थी ‘वार’ लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तो आधार जातीपुरता होता आणि त्यात मिंधेपण होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग काढलं. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा आज रायगडातही आहेत. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं महाडच्या सत्याग्रहाच्या दोन वर्षं आधी, १९२५ मध्ये, सोलापूरला वसतिगृह सुरू केलं होतं. राहायला-जेवायला मिळाल्याशिवाय शिकणं होत नाही, हे या सगळ्यांना अनुभवानं माहीत होतं.

साने गुरुजींचं उदाहरण तर थेट या विषयाचं आहे. त्यांचं राष्ट्रीय स्मारक रायगडातच, माणगाव तालुक्यात वडघरला आहे. गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाचे प्रमुखही. मुलं शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या आवरत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवत, आणि मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. आज ज्याला समुपदेशन म्हणतात त्याचा बराच भाग या कामांत होता. फक्त त्या माणसाकडे ते काम सोपवलेलं होतं आणि ते करायला त्याला वेळ होता, हे विसरू नये.

आश्रमशाळा ही त्याच परंपरेची सरकारी शाखा. रायगडातल्या शासकीय आश्रमशाळा पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. त्यांच्याबद्दल दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीतली काही मुलं त्या रात्री आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यांच्यापैकी ज्यांचं घर उरलं नाही, त्यांच्यासाठी शाळा हेच घर झालं. दुसरीकडे, राज्यातल्या आश्रमशाळांत मुलांचे मृत्यू का होतात हे पाहायला नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे समितीनं २०१६ मध्ये अहवाल दिला, त्यात आधीच्या सुमारे पंधरा वर्षांत हजारावर मुलं दगावल्याची नोंद होती. आजार वेळेवर न ओळखणं, दवाखान्यात उशिरा नेणं अशी कारणं. छप्पर आणि ताट दिलं की आधार पुरा झाला, असं मानणाऱ्यांना हा अहवाल उत्तर आहे. सहा वर्षांचं मूल रात्री तापानं फणफणलं तर त्याच्या कपाळाला हात लावायला कोणीतरी जागं असावं लागतं.

निसर्गनंतर

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे ज्या मुलाचा बाप त्या दिवशी वाडी गमावून बसला, त्याच्या संपूर्ण शाळकरी वयावर त्या दुपारचा परिणाम झाला. शाळांचे पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस नव्हती, मोबाइलचे टॉवर पडलेले. आणि राज्यभर तेव्हा ‘ऑनलाइन शिक्षण’ सुरू होत होतं.

या काळात देशभर काय झालं ते ‘असर’च्या पाहणीत दिसतं. तिसरीतली जी मुलं दुसरीचं पुस्तक वाचू शकतात त्यांचं ग्रामीण भारतातलं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, ते २०२२ मध्ये २०.५ वर आलं आणि २०२४ मध्ये २७.१ पर्यंत परत चढलं. म्हणजे शाळा नियमित उघडल्या की मुलं भरून काढतात. आपत्तीनंतर मुलांसाठी काम करणारे हेच सांगतात की घंटा, परिपाठ, ठरलेली जागा, रोजचे सवंगडी यांनीच मूल सावरू लागतं. वादळानंतर आधी रस्ता, मग वीज, मग पंचनामे आणि शेवटी शाळेचं छप्पर, हा क्रम त्यामुळे बदलायला हवा.

मग हे काम करायचं कोणी?

इथे बहुतेक योजना अडतात. सोपं उत्तर असतं, ‘शिक्षकांना प्रशिक्षण द्या.’ गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेनं हे उत्तर तपासून पाहिलं. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत त्यांनी ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. परिपाठात मनमोकळ्या विषयांवर बोलणं, भित्तिपत्रक, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची पेटी, दादागिरीविरुद्ध शाळेचा स्वतःचा नियम, आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलणं, असं त्याचं स्वरूप. काही शाळांत हे काम त्याच शाळेतल्या प्रशिक्षित शिक्षकाकडे दिलं. काहींत याच कामासाठी नेमलेल्या स्थानिक व्यक्तीकडे, जी मानसोपचारतज्ज्ञ नव्हती, फक्त प्रशिक्षण घेतलेली होती. उरलेल्या शाळांत नेहमीचंच चालू राहिलं.

२०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. नेमलेली व्यक्ती होती तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधलं नैराश्य, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकाकडे जादा काम म्हणून दिलं होतं तिथे जवळजवळ काहीच बदललं नाही. शिक्षक वाईट होते म्हणून नव्हे. ज्याच्याकडे वर्ग आहे, पोषण आहाराच्या नोंदी आहेत, निवडणुकीचं काम आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, आणि जो मुलांना मार्कही देतो, त्याच्यापाशी मूल मनातलं बोलत नाही आणि त्यालाही ऐकायला सवड नसते.

हा निष्कर्ष महाराष्ट्रातल्या ताज्या योजनांना लावून पाहावा. मार्च २०२४ मध्ये राज्यानं पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला. ताणतणाव कसा हाताळायचा, प्राणायाम, खेळ, रस्तासुरक्षा असं बरंच त्यात आहे. त्याच वर्षी चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असाही आदेश निघाला, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. हेतू चांगले आहेत. फक्त राबवणारे हात तेच आहेत.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. रायगडच्या किनाऱ्यावर नेमकी हीच फट आहे. इथल्या वाड्या-पाड्यांवरच्या शाळा दोन शिक्षकी, पट वीस-पंचवीस. राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा १४ हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत कोकणातल्या जिल्ह्यांचा वाटा मोठा आहे. या शाळांना स्वतःचा समुपदेशक मिळणार नाही, आणि ज्या बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यायचं तो बहुधा तालुक्याच्या गावीही नसतो. केंद्रातल्या दहा-बारा शाळांमागे एक फिरती व्यक्ती नेमणं हा यावरचा व्यवहार्य मार्ग दिसतो. पगार एक, मुलं दोन-तीनशे.

लहान शाळेची एक जमेची बाजूही आहे. तिथे कोणतं मूल दोन दिवस आलं नाही हे हजेरीपट न उघडता कळतं. २०२३ मध्ये तोरणमाळ आणि पानशेतच्या धर्तीवर कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा वाद झाला तो यावरच. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, मैदान, समुपदेशक मिळू शकतो, हे खरं. पण खाडीपलीकडच्या पाड्यावरचं सहा वर्षांचं मूल तिथे रोज पोहोचेल का, याचं उत्तर आधी द्यावं लागतं.

पालकांना काय विचारता येतं?

शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, हे कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ही समिती सहीपुरती भरते. पण दाखल्यावर नाव आहे आणि वर्गात नाही अशी मुलं किती, ती कुठे आहेत, त्यांना कार्ड दिलं का, हे विचारण्याचा अधिकार तिला आहे. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती हवी. तक्रारपेटीही हवी, आणि ती ठरलेल्या दिवशी उघडली जायला हवी.

मोठ्या मुलांच्या बाबतीत परीक्षेचा ताण वेगळा धरावा लागतो. एनसीईआरटीनं २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्क्यांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा किंवा निकाल सांगितला. मुलाची झोप मोडली आहे, जेवण तुटलं आहे, मित्रांशी बोलणं थांबलं आहे, असं दोन आठवड्यांहून जास्त दिसलं तर निकालाची वाट पाहू नये. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो. मूल संकटात असेल, त्याला मारहाण होत असेल किंवा कामाला जुंपलं असेल, तर क्रमांक १०९८. तो मुलानं स्वतः लावला तरी चालतो.